गॅलरीतले गणपती

गुलाबी रंगाचं पाणी मी गॅलरीतून खाली ओतलं आणि खालून आवाज आला, "रंग पक्का हाय की धुतल्यावर जातो?"

वाकून पाहिलं. पांढऱ्या शर्टाचा एक तरुण आमच्याच गॅलरीखाली पावसामुळे थांबलेला. भिजलेले केस, बाहीवर गुलाबी शिंतोडे, हसरे डोळे... आणि हातात मोजायची टेप. नगरपालिकेचा माणूस!

वैशाखात बाबांनी गॅलरीच्या कुजलेल्या फळ्या बदलल्या, आणि त्याच झटक्यात गॅलरी दोन हात पुढे काढली. मूर्ती वाळवायला जागा हवी होती. परवानगी काढा, असं शेजारी म्हणाले, तर बाबांनी तिथे शाडूच्या ओल्या मूर्तींची रांगच लावली. "बाप्पा बसले की कोण हात लावतो?" एवढं म्हटलं की आमच्या पेणमध्ये कुणी वाद घालत नाही. पण चतुर्थी तोंडावर होती. गॅलरी पाडली तर मूर्ती जाणार कुठे? वर्षाचं पोट त्यांच्यावरच होतं.

"फळ्याच बदलल्यात," मी म्हटलं. "त्याला पन परवानगी लागते काय?"

"नाय लागत. कुजलेल्या काढून तशाच नव्या घातल्या तर कोन विचारत नाय. गॅलरी पुढं सरकली तर लागते."

"गॅलरी कशाला सरकेल? तुम्हीच जरा मागं सरकून बघा ना!"

तो हसत खरंच मागे सरकला. त्याने वर पाहिलं आणि हसू एकदम मावळलं.

"आत जा."

"का? नोटीस लावायचीय?"

"आधी आत जा... मग भांडा!"

मी मुद्दाम फतकल मारून बसले आणि ब्रश उचलला. मी उठले की हा मापं घेणार, एवढंच माझ्या डोक्यात. तर हा चपला जिन्यात टाकून धावत वर आला, पण दारातच थांबला. "आवाज ऐका," हळूच म्हणाला.

कर्र... माझ्या खालीच. जुन्या तुळईवर बाबांनी नवं ओझं लादलं होतं. मला उठायचं होतं, पण पाय हलेनात.

"बाप्पांचं काय?" मी पुटपुटले.

"ते नंतर. आधी तुम्ही." त्याने हात पुढे केला.

मी तो धरला. एका ओढीत मी आत आले.

मग उंबऱ्यावर पालथा पडून तो एकेक मूर्ती आत ओढू लागला. आवाज ऐकून धावत आलेले बाबा त्या घेत होते आणि मी त्याचा शर्ट पाठीशी घट्ट धरून बसले होते. "धरलंय ना?" "व्हय... धरलंय." दर खेपेला तुळई करकरायची आणि माझा जीव खालीवर व्हायचा. शेवटचा गणपती आत आला, आणि रिकामी गॅलरी काडकन मोडून गल्लीत पडली. मघाशी तो उभा होता, तिथेच.

बाबा घाम पुसत म्हणाले, "अर्ज कुठं करायचा, साहेब?"

"मी सांगतो. परवानगी म्हणजे दुसरं काय हो, कोनीतरी खालून बघून जातो, एवढंच."

बाबा चहा सांगायला आत गेले.

"शर्ट सोडा आता," तो म्हणाला. "मी काय पडत नाय."

मी दचकून हात काढला. पांढऱ्या पाठीवर पाच गुलाबी बोटं! त्याने मान वळवून पाहिलं.

"आई अष्टमी गावात राहते माझी, रोह्याजवळ. रविवारी जायचंय. विचारेल, शिवा, हा पंजा कुनाचा रे..."

"धुवा की."

"नाय धुणार." तो क्षणभर थांबला. "तुम्ही तिथं बसला होतात ना... तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाय माझा. काय सांगू आईला?"

मला तुळईच्या आवाजाची वाटली नव्हती एवढी भीती वाटली. पण या वेळी मी बसून राहिले नाही.

"शकूचा," मी म्हटलं. "सांगा... पेणच्या शकूचा."