महागोनीच्या खुर्चीतला खळगा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. तुम्हाला पटवत बसायची मला हौस नाही.

तुसाँची, म्हणजे सर्व संतांच्या सणाची, संध्याकाळ होती. अख्खं पॅरिस शेवंतीच्या कुंड्या घेऊन आपापल्या मेलेल्यांच्या थडग्यांकडे गेलेलं. फोबूर सेंत-आंत्वानच्या आमच्या खुर्च्या भरायच्या कारखान्यात मी आणि बाबा, दोघंच.

आणि ती खुर्ची.

राजाचं डोकं उडवल्यावर इथल्या लोकांना रोमचं वेड लागलं, त्या काळातली. महागोनीची. रोमन न्यायाधीशांच्या आसनासारखे फुलीचे पाय, हातांच्या टोकांना सिंहाची तोंडं. तुसाँच्या आधीच्या आठवड्यात ती आमच्याकडे बैठक भरायला आली.

माझे बाबा, ऑन्सेल्म, जन्मभर बैठका भरत आले. पण वर्षभरापासून हात थरथरत होते. ही जमली नाही तर हातोडा ठेवून देईन, म्हणाले. हातोडा ठेवला की माझा बाप संपला, हे मला ठाऊक होतं.

जुनी बैठक उसवताना ते टाक्यांवरून बोट फिरवत थांबले.

"उलटे तिरके आहेत. भरणारा डावखुरा होता."

आमच्या धंद्यात रीत आहे. आतले घोड्याचे केस धुवायचे, पिंजायचे आणि त्याच खुर्चीत परत भरायचे. बाबांच्या हातांना पिंजणं झेपेना. त्यांनी जुने केस पोत्यात कोंबले, नवे भरले.

सकाळी बैठकीत खळगा...

रात्रभर कुणी बसून उठल्यासारखा.

कारखान्याची किल्ली माझ्या गळ्यात होती.

बाबांनी उसवून पुन्हा भरली. दुसऱ्या सकाळी तोच खळगा. मी हात लावला...

कोमट.

खुर्चीचा मालक देलमास आला, खळगा दाबून हसला. "ऑन्सेल्म, आता घरी बसून सूप ढवळा. हलत्या हातांनी छान ढवळलं जाईल."

त्याला मी तोंडाला येईल ते ऐकवलं आणि दार दाखवलं. बाबांनी हात पाठीमागे लपवले. त्यांच्या मते दोष हातांचाच होता; माझ्या मते मोडलेल्या रीतीचा.

म्हणून तुसाँच्या दुपारी मी पोतं उपसलं. जुने केस स्वतः पिंजले. बाबांनी थरथरत भरले, शिवले.

भरणाऱ्यानं आधी स्वतः बसून बघायचं असतं. संध्याकाळी बाबा बसले.

बैठक दबली नाही.

जराही नाही...

"सोलान्ज," ते हळूच म्हणाले. "मी खुर्चीवर नाही. कुणाच्या तरी मांडीवर बसलोय."

त्यांचे हात सिंहांवर होते. थरथर थांबली होती. वरून कुणी घट्ट दाबून धरावीत, तशी बोटं पांढरी पडलेली.

"उठा बाबा."

"थांब ना पोरी. किती दिवसांनी हातांना शांत वाटतंय."

मी त्यांना ओढून उठवलं. हात बर्फासारखे गार होते.

खळगा परत पडला नाही. देलमास खुर्ची घेऊन गेला, वर बाबांची पाठ थोपटून गेला. बाबा रोज कामाला बसतात. एक खिळा वाकडा जात नाही. गल्ली म्हणते, म्हातारा सुधारला.

मीही तेच म्हणते. फक्त ते काम करत असताना तिकडे बघत नाही.

माझा बाप जन्माचा उजव्या हाताचा.

आता हातोडा डाव्या हातात असतो...