जुईताईची हिरवी चिठ्ठी

जुईताईला या महिन्यातही हिरवी चिठ्ठी मिळाली: ‘समाजमाध्यमांचं व्यसन नाही.’ तरी ती चार दिवस धड जेवली नव्हती.

तिची धाकटी बहीण रेवा चिठ्ठी घेऊन आबांकडे गेली. २०४६ साली वेंगुर्ल्याच्या दोघींच्या शाळेत मुलांना दर महिन्याला तपासून चिठ्ठी देणारं यंत्र आबांनीच बनवलं होतं.

“आबा, तुमचं यंत्र खोटं बोलतं का?”

आबांनी चिठ्ठीवरचा फोनच्या रोजच्या वेळेचा आकडा पाहिला. दोन तास पन्नास मिनिटं. त्यांचा चेहरा उतरला.

“तीन तासांच्या वर व्यसन, खाली नाही, अशी रेघ मीच मारली होती.”

“म्हणजे दहा मिनिटांनी ताई बरी ठरली?”

आबांनी चिठ्ठी खाली ठेवली. मग म्हणाले, “आंघोळीचं पाणी कोमट असतं ना? थोडं गार, थोडं गरम. माणसाचंही तसंच. त्यासाठी फझी लॉजिक (हो आणि नाही यांच्या मधल्या पायऱ्या मोजणारं गणित) वापरायला हवं होतं. शून्य म्हणजे अजिबात नाही, एक म्हणजे पूर्ण. मधे सगळे आकडे.”

दोघं जुईकडे गेली. आबांनी हळूच विचारलं, “झोप मोडते?”

“रोजच.”

“फोन नसला की?”

जुई भिंतीकडे बघत राहिली. “मी कुणाला आठवतच नाही, असं वाटतं.”

रेवाला रडू आलं. आबांनी चिठ्ठीच्या मागे लिहिलं. जास्त वेळ: ०.६. झोपमोड: ०.८. कासाविशी: ०.९.

“आता नियम,” ते रेवाला म्हणाले. “झोप मोडत असेल आणि जीव कासावीस होत असेल, तर व्यसन तीव्र. ‘आणि’ असलं की लहान आकडा धरायचा.”

“०.८,” रेवा पुटपुटली. “आणि चिठ्ठी म्हणत होती, नाही!”

“मी तिला विचारलंच नव्हतं गं. नुसती मिनिटं मोजली.”

सोमवारी प्रार्थनेनंतर आबा मुलांसमोर उभे राहिले. “यंत्राची रेघ चुकीची होती. चूक माझी. चिठ्ठी हिरवी असूनही ज्यांना बरं वाटत नाही, त्यांनी सांगा. पुन्हा मोजू, आणि या वेळी तुमचं ऐकून.”

कुणी हललं नाही. बाई खाली बघत होत्या.

मग नववीच्या रांगेतून जुईने हात वर केला. तिच्या मागे एक हात वर आला. मग आणखी तीन. रेवा मोजत होती. सतराव्या हातानंतर तिने मोजणं सोडून दिलं आणि ताईशेजारी जाऊन उभी राहिली.