पाव टाकीवरचा काटा

ज्याला कामातलं ओ की ठो कळत नाही, त्याने कारागिराला शिकवू नये. एकतीस वर्षं मी गाड्यांच्या वायरी जोडतोय. रोडोपी डोंगरांच्या या अंगाला कुठल्याही गाडीचा काटा बिघडला की लोक माझंच दार वाजवतात. म्हणून त्या मंगळवारी दाफिनाने माझ्या टेबलावर किल्ल्या आपटल्या तेव्हा माझं डोकं फिरलं.

दाफिना इकडची नर्स. दर मंगळवारी ती आपल्या जुन्या गाडीने खिंड ओलांडते आणि वरच्या तीन गावांतल्या म्हाताऱ्यांना इन्सुलिन पोचवते. ती गेली नाही तर त्यांचं दुसरं कुणी नाही. तिच्या गाडीचा पेट्रोलचा काटा मेला होता, म्हणून पंधरवड्यापूर्वी मी टाकीत दुसरा फ्लोट बसवून दिला होता. फ्लोट म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा गोळा. तो टाकीत खाली-वर होतो तसा पुढे काटा हलतो.

"मेतोदीकाका, काटा पाव टाकी दाखवत होता आणि गाडी खिंडीत बंद पडली," ती म्हणाली. "भर दुपारी, धुक्यात. दोन तास बसून होते, मग एका ट्रकवाल्याने पेट्रोल दिलं."

"पेट्रोल भरलं होतंस का?"

"वीस लिटर, सकाळीच. मी काय दूधखुळी आहे?"

"मग कुणीतरी काढून घेतलं असेल."

"म्हणजे चूक माझी, चोराची, धुक्याची. तुमची सोडून सगळ्यांची." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "वर एक आजी बेशुद्ध पडली होती काका. अजून अर्धा तास उशीर झाला असता तर गेली असती."

मला तिच्या या बोलण्याचा फार राग आला. खरं सांगतो, आजीची काळजी नंतर वाटली.

मी मागची सीट उचलली, टाकीचं भोक तिच्याखालीच असतं. फ्लोटची वायर काढली तर काटा शून्यावर पडला. तीच वायर गाडीच्या पत्र्याला टेकवली तर काटा सरळ भरल्या टाकीवर चढला. म्हणजे काटा चांगला, वायर चांगली. फ्लोट बाहेर काढून हाताने वर-खाली केला, तर काटा शहाण्यासारखा मागोमाग फिरला. टाकीला ना चीर, ना पोचा. मी माझ्या हाताने वीस लिटर ओतले, काटा अर्ध्यावर आला, आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी स्वतः गाडी घेऊन खिंडीकडे निघालो. सोबत पाच लिटरचा भरलेला डबा घेतला तो सवयीने, शंका म्हणून नव्हे.

पाइनच्या रानात धुकं उतरलं होतं. ओल्या सालींचा वास येत होता. चढण संपत आली तसा काटा अर्ध्यावरून घसरला, पाव टाकीवर आला आणि तिथेच थांबला. पुढच्याच वळणावर इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि गाडी थांबली.

वळणावर वेल्कोची पाणपोई आहे. आमच्याकडे माणूस गेला की घरचे लोक रस्त्याकडेला दगडी पाणपोई बांधतात. वर त्याचा फोटो, खाली झऱ्याचं पाणी. येणारा-जाणारा पितो आणि म्हणतो, देव त्याला क्षमा करो. वेल्को जंगलखात्यात होता. तीन वर्षांपूर्वी याच वळणावर बर्फात गोठून मेला. ही पाणपोई झाल्यापासून मी तिथे एकदाही पाणी प्यायलो नाही. का, ते सांगतो.

पण आधी टाकी. मी काठी घालून पाहिली. कोरडी ठणठणीत. वीस लिटर पेट्रोल तासाभरात कुठे जातं? रस्त्यावर थेंब नाही, वास नाही. मी शिव्या घालत डबा उचलला आणि टाकीत ओतायला लागलो. तेवढ्यात धुक्यात कुठेतरी पत्र्याचा डबा वाजला. रिकामा डबा मांडीवर आपटतो तसा. एक पाऊल, एक आवाज. एक पाऊल, एक आवाज...

"कोण आहे?" मी ओरडलो.

आवाज थांबला. पाणपोईचं पाणी पडत होतं, तेवढंच. मी झाकण न लावताच गाडीत बसलो आणि जागच्या जागी वळवून खाली आलो.

खाली येईपर्यंत भीतीचा पुन्हा राग झाला होता. मी तडक तिन्कोकडे गेलो. तिन्कोचं भंगार गाड्यांचं आवार आहे. आम्ही अशा आवाराला शवागारच म्हणतो. सुटे भाग सगळे तिथूनच आणतात, मीही. फक्त एक रीत आहे. ज्या गाडीत माणूस मेला, तिच्या टपावर तिन्को खडूने क्रूस काढतो आणि तिच्यातला स्क्रूसुद्धा कुणी नेत नाही.

"तो फ्लोट कुठल्या गाडीतला?" मी विचारलं.

"हिरवी, तिकडे कुंपणापाशी. वेल्कोची."

"आणि क्रूस का नाही काढलास रे, गाढवा?"

तिन्कोने सिगरेट विझवली. "कशाला काढू? गाडीत कुणी मेलं नाही. तो उतरून पेट्रोल आणायला निघाला आणि रस्त्यात मेला. रीत ती रीत."

"ही काय वकिली झाली?"

"ओरडू नकोस मेतोदी. त्याच्या गाडीचा काटा खोटा बोलायचा, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. तो तुझ्याकडेच आला होता ना दाखवायला?"

आला होता. आता ऐका. नोव्हेंबरात, जेवणाच्या वेळी. मी घेवड्याचं सूप पीत होतो. तो दारात टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "मेतोदीदादा, काटा पाव टाकीवरच अडकून बसतो. शहरातल्या माणसाने बघितला, पण त्याला काही जमलं नाही." आधी शहरात गेला आणि मग माझ्याकडे आला! एवढंच मला लागलं. मी बाहेर गेलो, किल्ली फिरवली आणि सांगितलं, बघितला, काटा बरोबर आहे, तूच पेट्रोल भरायला विसरतोस. मागची सीट उचललीसुद्धा नाही. तो आभार मानून गेला. चार दिवसांनी बर्फ पडला. बर्फ वितळल्यावर तो सापडला, हातात रिकामा डबा होता.

तीन वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. लाज होती म्हणून नाही. तो आधी शहरात गेला, याचा राग होता म्हणून. असा माणूस आहे मी.

त्याच संध्याकाळी मी दाफिनाच्या गाडीतून तो फ्लोट काढला, टाकीच्या भोकावर पत्रा ठोकला आणि तिला बजावलं, प्लोवदिव शहरातून नवा येईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. गाडी तिच्या दारात लावली, किल्ली मात्र माझ्याच खिशात ठेवली.

पुढच्या मंगळवारी अकरा वाजता तिचा फोन आला.

"काका, रागावू नका. दुसरी किल्ली होती माझ्याकडे. त्या आजीला आज इन्सुलिन नाही मिळालं तर... निघाले मी."

"काट्याशिवाय?"

"काटा चाललाय की. पाव टाकी दाखवतोय."

फ्लोट माझ्यासमोर टेबलावर पडला होता, वायर तुटलेली.

"दाफिना, कुठेही थांबू नकोस. ऐकतेस ना?"

"आत्ताच थांबले होते. पाणपोईपाशी एक माणूस उभा होता, डबा घेऊन. भिजून गारठलाय बिचारा. मागे बसवलाय त्याला." मागे कुणीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू आलं. पुन्हा बोलली तेव्हा आवाज अगदी हळू होता. "काका... तो विचारतोय, फोनवर मेतोदी आहे का."

मला तेव्हाही राग आला. भांडण माझ्याशी आहे ना? मग या पोरीला कशाला धरतोस?

"त्याला फोन दे," मी म्हणालो.

पत्र्याचा डबा वाजला. मग श्वास, थंड हवेतून ओढलेला.

"वेल्को, तिला जाऊ दे. काटा बरोबर आहे म्हणालो ते खोटं होतं. मी बघितलाच नव्हता. तू मेलास तो माझ्यामुळे."

 मग तोच तीन वर्षांपूर्वीचा आवाज, टोपी काढून बोलतो तसा नम्र.

"मग आता येऊन बघता का, मेतोदीदादा?"

फोन बंद झाला.

दाफिना बाराच्या आत वर पोचली. आजी वाचली. माणूस चांगला होता म्हणते, खिंडीच्या माथ्यावर उतरला, गाडीत पेट्रोलचा वास तेवढा ठेवून गेला. तिची गाडी आता उत्तम चालते.

मी वेल्कोकडे अजून गेलेलो नाही. पण त्या दिवसापासून मी ज्या गाडीत बसतो, तिचा काटा घसरत पाव टाकीवर येतो आणि थांबतो. टाकी भरलेली असो की नवी गाडी असो. मी उतरलो की पुन्हा बरोबर. सगळ्या वायरी तपासल्या, सगळ्या सीटा उचलल्या. दोष सापडत नाही.

नको, मला घरी सोडायला गाडी काढू नका. बर्फ पडत असला तरी मी चालतच जाईन.