खडूने आखलेलं पाऊल

खडूने आखलेलं एक पाऊल. उजवं. अंगठा जरा जास्तच लांब.

पाण्यात पडलेला दहा नंबरचा पाना.

काऊंटरमागचं लाकडी स्टूल, एक पाय आखूड.

कंबरेला चोळायच्या मलमाची ट्यूब, अर्धी संपलेली.

"विसरलो," असं म्हणणारा एक माणूस.

पण सुरुवात वल्ह्यापासून करते.

धक्क्यावर बॅटरी खाली ठेवून मी दम घेत होते. वाऱ्याने आडवी होत एक छोटी होडी धक्क्याला येऊन टेकली. होडीत एक उंच तरुण, दोन्ही हातांत गळाची काठी, आणि वल्हं पाण्यात घसरत चाललेलं.

"अहो, तेवढं वल्हं धरता का? मासा लागलाय."

मी वाकून धरलं. त्याने दोरा गुंडाळून वर घेतला. काहीच नव्हतं.

"सुटला," तो म्हणाला. चेहऱ्यावर दुःख म्हणावं तर दिसेना.

"दोन हात पुरत नाहीत वाटतं."

"तिसरा कुठे मिळतो?"

"हात नाही मिळायचा. पण तुमचा एक पाय रिकामाच असतो."

मग मी त्याला पायावर चालणारी मोटर समजावून सांगितली. होडीच्या नाकाशी ती बसवायची, पेडल पायाखाली. पंजा दाबला की होडी उजवीकडे, टाच दाबली की डावीकडे, बटण दाबून धरलं की चालू. हात मोकळे. तो इतकं लक्ष देऊन ऐकत होता, की शेवटी टाच दाबली तर होडी कुठे वळेल असं मी विचारलं तेव्हा त्याने आकाशाकडे पाहिलं.

धक्क्यावर त्याला सगळे बगळा म्हणत. मीही म्हणायला लागले… मनातल्या मनात.

हे आधी सांगायला हवं होतं: होड्यांच्या मोटरींचं आमचं दुकान. बाबा फिटर, मी काऊंटरवर, त्या आखूड पायाच्या स्टुलावर. पाना धरायला बाबांनीच शिकवलं, पण गिऱ्हाईकाच्या होडीला कधी हात लावू दिला नव्हता. बगळ्याचं काम मी आणलं म्हणून मला मिळालं. "तुझं एकटीचं," बाबा त्याच्यासमोरच म्हणाले. "तक्रार आली तर परत स्टूल." बाबा बोलतात कमी, आणि बोललेलं मागे घेत नाहीत.

म्हणून मी जिवाचं रान केलं. नाकाशी पट्टी बसवली, प्रत्येक बोल्टखाली रबराची चकती. बॅटरी मागे ठेवली, नाहीतर होडीनं नाक बुडवलं असतं. वायर कडेखालून नेली. बगळा मध्येमध्ये पाना पुढे करायचा, नेमका चुकीचा. बरोबर असलेला त्याच्या कोपराने पाण्यात गेला होता.

पेडल शेवटी. त्याचं माप पायावरून घेतात. एक पाय पेडलवर, सगळा भार दुसऱ्यावर… पेडल जरा तिरकं बसलं की दिवसभरात कंबर धरते. मी डावीकडच्या फळीवर बसले, हातात खडू.

"मासे पकडताना उभे राहता ना, तसे उभे राहा. मी इथे आहे हे विसरा."

तो उभा राहिला. थोडा वेळ गेला.

"विसरलो," म्हणाला.

मी त्याच्या पावलाभोवती खडू फिरवला. घोट्याशी माझं बोट लागलं आणि होडी हलली. वारा पडलेला होता.

त्या खुणेवरच पेडल बसवून दिलं. पुढे तो दुकानात यायला लागला. कधी एक स्क्रू, कधी वायरची क्लिप. मोटर कशी चालते विचारलं की झकास. पेडल? त्याहून झकास. पण क्लिप खिशात घालताना एक हात कंबरेवर, आणि तो गेल्यावर दुकानभर मलमाचा वास.

एका सकाळी मी धक्क्यावरून पाहिलं. पाण्यावर तो एकटाच होता. गळ टाकत होता उजवीकडे, आणि पाय मात्र मागे, डावीकडच्या पेडलवर. पिळून वाळत घातलेल्या कपड्यासारखा दिसत होता.

मी हाक मारून बोलावून घेतलं.

"पेडल चुकलंय."

"छे."

"मग कंबर?"

"ती जरा तापटच आहे पहिल्यापासून."

"खरं सांगा."

त्याने दोरी धक्क्याला बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

"तक्रार केली असती तर तुम्ही परत स्टुलावर," तो म्हणाला. "आणि त्या स्टुलाचा पाय आखूड आहे…"

मला राग यायला हवा होता. आला तो स्वतःचाच. दुपारी जेवताना मी बाबांना सांगून टाकलं: काम चुकलं, माप माझंच. बाबांनी हात धुतला, टेप खिशात टाकली आणि धक्क्यावर निघाले.

होडीत उतरून त्यांनी बोल्ट ओढून पाहिले, वायर चाचपली. मग बगळ्याला उभं केलं. मी धक्क्यावरच, त्याच्या पाठीमागे. त्याचा पाय पेडलपासून हातभर दूर पडला.

बाबा पेडलकडे बघत राहिले. "आखताना तू कुठे बसली होतीस?"

"त्या फळीवर."

"बस."

होडीत उतरून बसले. बगळ्याने वळून माझ्याकडे पाहिलं. वळताना त्याचं वजन दुसऱ्या पायावर गेलं आणि उजवं पाऊल, अंगठ्यासकट, पेडलवर येऊन बसलं. जसं आखलं होतं तस्सं.

बाबा खोकले.

"माप बरोबर आहे," ते म्हणाले. "पुढचं तुम्ही बघा. काऊंटरवर आता मी बसेन. गुडघे दुखतात."

धक्का चढताना एकदाही ते गुडघ्यांना हात लावून थांबले नाहीत.

होडीत आम्ही दोघंच उरलो.

"विसरा म्हटलं होतं मी."

"विसरलोच होतो की. मासे, वारा, उभं कसं राहतात ते. सगळं विसरलो," तो म्हणाला. "तेवढी तू राहिलीस."

तू. त्याच्या तोंडून पहिल्यांदाच. मी खडू शोधायला लागले. तो माझ्या हातातच होता.

"पेडल हलवते," मी म्हणाले.

"नको."

"हलवणार. मी फिटर आहे. रोज काही मी इथे येऊन बसणार नाही, दुकान आहे मला." मी उजवीकडे चार नवी भोकं पाडली आणि पेडल तिकडे आवळलं. डावीकडची बुजवली नाहीत. "ही रविवारची."

"आज वार कोणता?"

गुरुवार होता. मी पुन्हा पाना घेतला आणि पेडल डावीकडे आणून बसवलं. मग फळीवर बसले. त्याने टाच दाबली. होडी डावीकडे वळली.

त्या पहिल्या दिवशी, मी वल्हं धरलं तेव्हा, त्याच्या गळाला आमिषच लावलेलं नव्हतं.