चौथी बांधणी

"आजारी आहे का?"

क्लबच्या दारात तो उभा होता. माझ्या हातांत घोंगडीत गुंडाळलेलं ओझं होतं, ओले केस कपाळाला चिकटले होते, आणि दार ढकलायला तिसरा हात नव्हता.

"मेलंय," मी म्हटलं. "आज उठणार आहे."

घोंगडीतून लोंबणारी वायर त्याने पाहिली आणि हसू गिळलं. "दे इकडे, मी घेतो—"

"हात लावू नकोस."

"दाराला तरी लावू?"

दार त्याने उघडलं. मी आभार मानले नाहीत. तेव्हा मी कुणाचेच मानत नव्हते. बाबांना जाऊन नऊ आठवडे झाले होते, आणि आमच्या पाय्सान्दू गावातला जो तो मला सांगत होता की आता हे मशीन सोडून दे.

दर एप्रिलमध्ये एका शनिवारी आमच्या बोचास क्लबात मेळा भरतो. लोक आपापले संगणक घेऊन येतात आणि जाणते त्यांत मोफतची प्रणाली घालून देतात. एका बाजूला टेबलं, दुसऱ्या बाजूला म्हाताऱ्यांचा बोचासचा खेळ नेहमीसारखा चालू, चेंडूवर चेंडू आपटल्याचा आवाज. बाबा दरवर्षी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचे. मीही तिथेच बसले.

दारातला तो समोर येऊन बसला. शर्टावर नावाची चिठ्ठी: लिसांद्रो. खाली गाव: कोलोन. म्हणजे नदीपलीकडचा, अर्जेंटिनाचा.

"पुलावरून आलास?"

"सकाळच्या बसने. साडेपाचच्या बसने परत. तुमच्याकडे जाणते कमी पडले म्हणून बोलावलंय."

"कमी कुणी म्हटलं?"

"तुम्हीच. पत्र पाठवून." मग आवाज जरा खाली आणून, "काय झालंय त्याला?"

मी सांगितलं. आमचं मोहल्ल्याचं छोटं रेडिओ स्टेशन. रोज सकाळी सात वाजता नदीची उंची सांगतं. काठाच्या सखल वस्तीत लोक ती ऐकून ठरवतात की आज गाद्या वर चढवायच्या की नाही. सगळा आवाज या एका मशीनमधून जातो. त्यातलं आवाजाचं कार्ड इतकं जुनं की जगात त्याची दखल कुणी घेत नाही. म्हणून बाबांनी प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, त्या कार्डासाठी स्वतः लिहिलेला भाग घातला होता. मंगळवारी मी डिस्क बदलली, गाभा नव्याने बांधला, आणि मशीन कोसळलं. तेव्हापासून स्टेशन मुकं होतं. आज पाच वाजता समितीची बैठक होती. राजधानीतल्या एका कंपनीचा तयार डबा घ्यायचा, तिकडूनच गाणी यायची, आणि हे मशीन भंगारात द्यायचं, असं ठरण्याच्या बेतात होतं.

"जुना गाभा आहे ना? तो लाव."

"जागा कमी पडली म्हणून पुसला."

"बरं, मग जुनी सेटिंगं..."

तीही गेली होती. नवी बांधणी करण्याआधी जागा झाडायची आज्ञा असते. तिचे दोन-तीन प्रकार आहेत. मी सगळ्यात कडक प्रकार चालवला होता. त्यात बाबांची सेटिंगं गेली, आणि बांधण्यांचा आकडाही गेला. प्रत्येक बांधणीला गाभा स्वतःच नंबर देतो आणि सुरू होताना पडद्यावर दाखवतो. बाबांचा होता दोनशे चौदा, शेजारी त्यांचं नाव, वॉल्देमार. इतकी वर्षं रोज सकाळी ती ओळ झळकायची. आता तिथे होतं: एक, शेजारी माझं नाव, नोएलिया.

लिसांद्रोने खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाला, "ती चूक मीही केलीय. ज्याने नाही केली त्याला गाभा बांधता येत नाही."

"सांत्वन नकोय. मदत हवीय. आणि कीबोर्डला हात लावायचा नाही. मशीन मी दुरुस्त करणार."

"मग माझे हात कुठे ठेवू?"

"खिशात."

आणि खरंच... त्याने दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

मशीन सुरू केलं. अक्षरं धावली आणि थांबली. मूळ डिस्क सापडत नाही, पॅनिक, म्हणजे गाभ्याने हात टेकले.

"डिस्क वाचायची किल्ली कुठे ठेवलीस?" त्याने विचारलं.

मी सेटिंगं उघडली आणि कपाळावर हात मारला. किल्ली वेगळी फाइल म्हणून ठेवली होती, आणि ती फाइल त्याच डिस्कवर. कपाट कुलूपबंद, किल्ली कपाटात.

"नदीअलीकडची पद्धत दिसते," तो म्हणाला.

"तुम्ही नदीपलीकडचे तर कपाटंसुद्धा आपलीच म्हणून सांगता. दूध-साखर आटवून आम्ही करतो त्या गोडाचं केलंत तसं."

"ते आमचंच आहे!"

"हात खिशात."

पेन ड्राइव्हवरून मशीन तात्पुरतं उठवून मी दुसरी बांधणी लावली. जुनं मशीन, तासभर लागणार. बाहेर पाऊस, आणि पाऊस म्हटला की आमच्याकडे चरबीत तोर्ता, म्हणजे मैद्याच्या जाड पुऱ्या, तळतात. क्लबच्या स्वयंपाकघरातून तो वास येत होता. मी थर्मस काढला, यर्बाचा, म्हणजे कडू पाल्याच्या चहाचा, पेला भरला, पहिला स्वतः ओढला, दुसरा भरून त्याच्यापुढे धरला.

तो हलला नाही. "हात खिशात म्हणालीस."

"नाटकं करू नकोस."

"मशीन तुझं, कायदा तुझा."

मी पेला त्याच्या तोंडाशी नेला. त्याने वाकून नळी ओठांत धरली आणि ओढताना वर माझ्याकडे पाहिलं. डोळे तपकिरी होते, एकात हिरवट ठिपका... इतकं लक्षात राहायचं काही कारण नव्हतं.

"कडू," तो म्हणाला.

"तक्रार?"

"नाही. अजून दे."

दुसरी बांधणी पुढे गेली. डिस्क सापडली, जाळं जोडलं गेलं— आणि आवाजाच्या कार्डापाशी पुन्हा कोसळली. तिसऱ्या बांधणीत मी बाबांचा भाग तेवढा वगळून पाहिला. मशीन पहिल्याच फटक्यात उठलं. सगळं ठीक होतं, फक्त आवाज नव्हता.

लिसांद्रोने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नोएलिया, दोष तुझ्या बांधणीत नाहीये. त्यांच्या भागात आहे."

"तो अकरा वर्षं चाललाय."

"चालला, कारण त्यांची सेटिंगं तशी होती. तुझी वेगळी आहेत. एक नवं साधं कार्ड घे, तो भाग सोडून दे, आणि—"

"तूही?" माझा आवाज चढला. खेळणारे म्हातारे थबकले. "तुला काय माहीत ते कोण होते? एक ओळ वाचलीस त्यांची? सगळ्यांना सोडूनच द्यायचंय. मी नाही सोडणार!"

तो लाल झाला. "मी काय म्हणतोय ते पुरतं ऐकून तरी घेशील?"

"नाही."

तो उठला आणि दाराकडे गेला. मला वाटलं, गेला. जाऊ दे. मी बाबांचा भाग उघडला. आजवर तो मी नीट वाचलाच नव्हता. फक्त जपला होता.

पाचशे-सहाशे ओळी. मधे मधे त्यांच्या टिपा. एकीत नदीची उंची लिहिलेली, बहुधा काम करता करता फोन आला असावा. आणि मधोमध ही टीप: *हे का चालतं ठाऊक नाही. चालतंय तोवर हात लावू नका.*

मी ती दोनदा वाचली. मग खालच्या ओळी वाचल्या. आधी कार्डाला सांगितलं होतं, पाठव आवाज, मी तयार आहे. आणि त्याच्या नंतरच्या ओळीत आवाज ठेवायला जागा मांडली होती. पाहुण्याला आधी हाक मारायची आणि मग खुर्ची शोधायला जायचं. बाबांच्या सेटिंगांत पाहुणा सावकाश यायचा. माझ्यात लगेच आला आणि जमिनीवर आपटला.

बाबा चुकले होते.

ते वाक्य मनात आलं तेव्हा काहीतरी मोडेल असं वाटलं होतं. काही मोडलं नाही. उलट बाबाच बाजूला येऊन बसल्यासारखं वाटलं, चष्मा कपाळावर, 'अरेच्चा' म्हणत.

टेबलावर ताटली ठेवल्याचा आवाज झाला. गरम तोर्ता, वर साखर. लिसांद्रो. ताटली ठेवून त्याने हात परत खिशात घातले.

"मघाशी एवढंच म्हणायचं होतं," तो म्हणाला, "...आणि तोवर आपण शांतपणे त्यांची चूक शोधू."

"सापडली." मी ओळ दाखवली. "या दोन ओळींची अदलाबदल."

तो वाकून वाचत राहिला. टीप वाचून त्याच्या ओठांचा कोपरा हलला. "हात लावू नका. अच्छा, हे घराण्यातलं आहे तर."

मी हसले. नऊ आठवड्यांत पहिल्यांदा, आणि ते मला आवडलं नाही, आणि थांबवताही आलं नाही.

ओळी मी बदलल्या. टीप ठेवली. तिच्याखाली लिहिलं: *हात लावला. नोएलिया.*

चौथी बांधणी पावणेचारला संपली. मी बटण दाबलं. डिस्क, जाळं, कार्ड... आणि बोचास क्लबाच्या कोपऱ्यातल्या स्पीकरमधून बारीकशी खरखर आली. आमच्या स्टेशनची ती खरखर मी कुठेही ओळखेन. पडद्यावर ओळ होती: बांधणी चार, नोएलिया.

"तो आकडा एका फाइलीत असतो," लिसांद्रो हळूच म्हणाला. "दोनशे अठरा करता येईल. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल. चारच राहू दे."

मशीन घोंगडीत गुंडाळलं. स्टेशन तीन चौक दूर, पाऊस अजून तसाच, आणि सकाळपासून माझे दंड भरून आले होते.

"लिसांद्रो."

"हं?"

"काढ हात खिशातून."

त्याने काढले. दोन्ही बाजूंनी मशीन उचललं आणि घोंगडीखाली आमची बोटं एकमेकांवर आली... दोघांपैकी कुणीच पकड बदलली नाही.

स्टेशनात समितीच्या अध्यक्ष दोन्या नेलिदा, म्हणजे नेलिदाबाई, कागद पुढे घेऊन बसल्याच होत्या. "पोरी, आम्ही सगळे वॉल्देमारला मानायचो. पण त्याचं मशीन त्याच्याबरोबर गेलं असं समज. कंपनीचा डबा सोमवारी येतोय."

"त्या डब्याला आपली नदी किती मीटरवर आहे ते ठाऊक असेल?"

"हट्ट करू नकोस."

"करणार आहे. आणि हे त्यांचं मशीन नाही, दोन्या नेलिदा. आता माझं आहे. बिघडलं तर मला सांगा, कारण ते मी बांधलंय."

मी वायरी जोडल्या. माइक उघडला. शेजारणीच्या खिडकीतल्या रेडिओतून माझाच श्वास ऐकू आला. दोन्या नेलिदांनी कागद उलटा ठेवला. "महिनाभर," त्या म्हणाल्या. "एक महिना देते." मग लिसांद्रोकडे बघून, "आणि हा कोण?"

"मजूर," तो म्हणाला.

साडेपाच वाजत आले. बसथांब्यापर्यंत मी गेले. त्याच्या हातांना काय करायचं ते आता कळत नव्हतं.

"तुमचं स्टेशन पलीकडे ऐकू येतं?"

"लोक म्हणतात, आभाळ मोकळं असलं तर."

"नसलं तर?"

बस आली. पुढचा मेळा वर्षाने, असं काहीतरी तो बोलला. बस वळेपर्यंत मी थर्मस काखेत घट्ट धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी माइकपुढे बसले. बाबांचा नियम होता की नदीचं तेवढं सांगायचं, बाकी एक शब्द नाही. सखल वस्तीतले लोक श्वास रोखून ऐकतात, त्यांचा वेळ घ्यायचा नाही. आभाळ धुतल्यासारखं मोकळं होतं.

"नदी तीन मीटर ऐंशी," मी वाचलं. "काल होती तितकीच. आज गाद्या खालीच राहू द्या."

इथे माइक बंद करायचा असतो. मी केला नाही.

"आणि कोलोनला, पलीकडच्या काठावर, जो कुणी आत्ता खिशात हात घालून ऐकतोय... सकाळची बस आठला आहे. वर्षभर थांबू नकोस."