पावणेतीनवर दोन ठोके

दार लोटून घ्या पोरांनो, गार वारा येतोय. ओरेल गोले तुम्हाला माहीत आहे ना, चर्चमागं राहतो तो? त्याच्याच बाबतीत घडलेलं आहे हे.

दोन वर्षांमागची जानेवारी. अठरा तारीख, गुरुवार. ओरेल तळ्यापलीकडच्या गावी मनगटी घड्याळ आणायला गेला होता. खटकी सरकवली की अंधारातही ठोके देऊन वेळ सांगणारं. तासाचे जाड ठोके, पाव तासाचे जोडठोके, मिनिटांचे बारीक. जुनी घड्याळं जमवायचा नाद त्याला; हे तर तीस वर्षं शोधत होता बिचारा.

विकणारी म्हातारी विधवा. डबी त्याच्या हातात देत म्हणाली, "खटकी न सरकवता वाजलं, तर परत आणू नका."

"जुनं यंत्र आहे बाई. दुरुस्त करीन मी."

तिनं दार लावून घेतलं.

परतताना तळं गोठलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. रात्रीचे नऊ वाजलेले. आणि शेजारच्या सीटवरच्या डबीत घड्याळ वाजलं.

दोन जाड. तीन जोड. दोन बारीक. दोन वाजून सत्तेचाळीस.

ओरेलनं गाडी थांबवली. खटकी जागच्या जागी होती. त्यानं बाईंना फोन लावला.

"किती सांगितले?" बाईंनी विचारलं.

"पावणेतीनवर दोन मिनिटं."

"घरी कोण आहे तुमच्या?"

"थोरला भाऊ…"

फोन बंद झाला. पुन्हा उचललाच नाही.

घरी थोरला सामी बटाटे आणि वितळलेलं चीज खात बसला होता. "आणखी एक? अरे, तुला हात आहेत तरी किती?"

"दादा, बरं वाटतंय ना तुला?"

"तुझं तोंड बघेपर्यंत वाटत होतं!"

तरी ओरेलनं डॉक्टरीणबाईंना बोलावलं. छाती तपासली, नाडी पाहिली. सगळं ठणठणीत. सामी शिव्या घालत झोपला.

ओरेलनं घड्याळ उघडलं. ठोके देणाऱ्या दोन्ही इवल्या हातोड्या चिमट्यानं काढून बशीत ठेवल्या. मग दादाच्या उशाशी बसला. हात हातात घेऊन.

दोन चाळीस. श्वास संथ.

दोन पंचेचाळीस…

दोन सत्तेचाळीस.

घड्याळ वाजलं. हातोड्या बशीतच.

सामीनं डोळे उघडले. दाराकडं पाहिलं. "आलो," म्हणाला.

"दादा… दादा!"

हात गार पडत गेला. ओरेलनं तो घट्ट धरून ठेवला होता. धरण्यापलीकडं काय करणार होता?

सकाळी अंग पुसताना त्यानं दादाची बाही वर सारली. सामी जन्मभर लाकूडतोड्या. घड्याळ म्हणून कधी मनगटाला लावलं नाही त्यानं.

डाव्या मनगटावर पांढरा पट्टा उमटला होता. वर्षानुवर्षं बांधल्यावर पडतो, तसा. आणि मधोमध, त्या घड्याळाएवढाच गोल.