वीणाच्या पलंगावर ठेवलेलं प्रस्थान

आधीच सांगते, हे आमच्या घरात घडलंय. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मला कुणाला पटवायचं नाही.

भुताटकी रात्रीच होते म्हणतात. आमच्याकडे झाली ती भर दुपारी. बेंगळुरात, चिकपेटच्या मागच्या गल्लीत, गेल्या श्रावणात. खाली साड्यांच्या दुकानांत नेहमीची आरडाओरड चालू होती.

माझी मोठी बहीण हर्षिता आयर्लंडला शिकायला निघाली होती. आम्ही इथले जुने मराठी लोक, मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतो.

अक्का हुशार. अक्का देखणी. अक्काला पहिल्या फटक्यात प्रवेश.

अर्ज मीही केला होता. अप्पा म्हणाले, "आधी थोरली जाऊ दे. तुझं मग बघू."

मग म्हणजे कधी, ते कुणी सांगेना. मी तिच्या बॅगा भरत होते आणि आतल्या आत जळत होते. खोटं कशाला बोलू?

अक्काचं विमान नेमकं अमावास्येला. शनिवारी. तिकीट बदलून मिळेना आणि आई ऐकेना. शेवटी तिनं जुना तोडगा काढला. प्रस्थान ठेवायचं.

म्हणजे आधीच्या चांगल्या मुहूर्तावर आपलं एखादं वस्त्र, सुपारी आणि हळदीचे तांदूळ गाठोड्यात बांधून दुसऱ्याच्या घरी ठेवायचे. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. खरोखर निघताना ते गाठोडं उचलायचं आणि पुढं जायचं.

"आमच्याकडं ठेवा की," शेजारच्या अहल्यामावशी म्हणाल्या.

आईचा चेहरा उतरला.

मावशींची मुलगी वीणा माझी जिवाभावाची मैत्रीण. तिलाही आयर्लंडलाच जायचं होतं. प्रवेश मिळाला, बॅग भरली, आणि जायच्या आठवड्यातच डेंग्यूनं गेली. ती भरलेली बॅग मावशींनी अजून तिच्या पलंगाखाली ठेवली होती.

पण त्या माऊलीला नाही कसं म्हणायचं? गुरुवारी सकाळी मुहूर्तावर अक्कानं आपल्या निळ्या ओढणीचं गाठोडं वीणाच्या पलंगावर ठेवलं.

आमच्या खोलीची आणि वीणाच्या खोलीची भिंत एकच आहे.

त्याच दुपारी भिंतीपलीकडून आवाज आला...

बॅगेची चाकं फरशीवरून चालली होती. हळूहळू. दारापर्यंत. मग जिन्यावर, पायरी पायरीनं.

मावशी आवराआवर करत असतील, असं मला वाटलं.

शनिवारी निघताना ही गडबड. देवनहळ्ळीचा विमानतळ जवळ आला आणि आई गाडीत ओरडली, "अग, प्रस्थान! गाठोडं राहिलं की!"

"आता मागं फिरलो तर विमान जाईल," अप्पा म्हणाले. "स्वल्प शांत बस."

"ज्याच्या हाती प्रस्थान, त्याचाच प्रवास, अहो. गाठोडं नेलं नाही तर माणूस इथंच राहतं."

अक्का हसली. मीही हसले.

परत आल्यावर आई गाठोडं आणायला गेली, तर मावशींच्या दाराला कुलूप.

सोमवारी अक्काचा तिथला पहिला दिवस. आदल्या रात्री ती अप्पांच्या ओळखीच्यांकडे उतरली होती. तिथं सकाळ, इथं दुपार. आई देवळात, अप्पा दुकानात. फोन मीच घेतला.

"नीरजा, इथं काहीतरी घोळ आहे ग. माझं ओळखपत्र कुणीतरी आधीच नेलंय. ती बाई म्हणते, तूच येऊन नेलंस. शुक्रवारी."

"दुसरी कुणी हर्षिता असेल."

"आडनावासकट? आणि वसतिगृहातही तेच... माझ्या पलंगावर कुणीतरी झोपून गेलंय. उशीला खोबरेल तेलाचा वास येतोय."

खालच्या आरडाओरडीत नीट ऐकू येईना, मी खिडकी लावली.

"खोलीतली मुलगी म्हणते, आपण शुक्रवारीच भेटलो. निळी ओढणी होती तुझ्या अंगावर. खूप गप्पा मारल्यास म्हणे. घरच्या, बहिणीच्या..." अक्का थांबली. "नीरजा, तू मला मुखवटा म्हणतेस?"



गौरीचा मुखवटा. सगळ्यांनी सजवायचा, सगळ्यांनी ओवाळायचा. चिडून मीच ठेवलेलं नाव. ते मी एकाच माणसाजवळ बोलले होते, गच्चीवर.

वीणाजवळ.

फोन तसाच टाकून मी शेजारी धावले. दार उघडंच होतं. मावशी गॅसवर पायस ढवळत होत्या.

"मावशी, अक्काचं गाठोडं?"

"ते गेलं की ग. वीणा घेऊन गेली, मुहूर्ताला." मावशी हसल्या. वीणा गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "दरवेळी तुमच्याच घरात पेढे वाटायचे होय? पोचली माझी पोर. ये, पायस खा."

मी आत जाऊन पाहिलं. पलंग रिकामा होता.

वाकून खाली पाहिलं...

बॅगही नव्हती.

खरं सांगू? भीती वाटायच्या आधी मला हेवा वाटला. मेलेली मुलगीसुद्धा माझ्या आधी गेली!

घरी आले तर फोन बंद झाला होता. परत परत लावला, लागला नाही. संध्याकाळी अक्काचाच आला.

"सगळं सरी झालं ग, नीट झालं," ती खुशीत म्हणाली. "ओळखपत्र मिळालं, खोली मिळाली. आता काही काळजी नाही."

तेव्हापासून रोज फोन येतो. चेहरा अक्काचा, आवाज अक्काचा. पण मुखवट्याबद्दल तिनं पुन्हा चकार शब्द काढला नाही. रुसली नाही, भांडली नाही. आणि दरवेळी आधी विचारते, "मावशी जेवल्या का?"

"किती माया आहे पोरीला!" आई म्हणते.

मी काय बोलणार? बोलले तर सगळे म्हणतील, ही जळते अक्कावर. आणि ते खोटं नाही.

पण दुपारी मी घरात एकटी असले की त्या भिंतीवर कुणीतरी टकटक करतं...

आधी हळू. मग जोरात.

"नीरजा, दार उघड ग. माझं विमान चुकेल."

अक्काचा तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी धावत गेले होते. वीणाच्या खोलीत कुणी नव्हतं. नुसती पलंगावरची चादर चुरगळली होती. मी रडायला लागले, तशी मावशींनी मला हाताला धरून बाहेर आणलं आणि खोलीला कडी घातली.

"राहू दे ग तिला इथंच," त्या म्हणाल्या. "तुमची एक गेली तर तुम्हाला अजून एक आहे. मला कोण आहे?"